गणपतीला गावी जाताना हॉट टबच्या पाण्याचे काय करावे?

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी. आमच्या टेरेस फ्लॅटच्या गच्चीवर दोन वर्षांपासून चार माणसांचा, साधारण १२०० लिटरचा हॉट टब आहे. (घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्याला जकूझीच म्हणतो आणि मीही आता दुरुस्त करणे सोडून दिले आहे.) यंदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी गुहागरला निघून, अनंत चतुर्दशी उरकून दुसऱ्या दिवशी परतायचे आहे. म्हणजे बारा दिवस घराला कुलूप असेल.

गेल्या वर्षी मी परदेशी मार्गदर्शिकेतला सल्ला प्रमाण मानला. तापमान सर्वात खाली आणले, ट्रायक्लोरच्या (सावकाश विरघळून क्लोरिन सोडणाऱ्या) दोन मोठ्या गोळ्या तरंगत्या डबीत टाकल्या, झाकणाचे पट्टे आवळले आणि निर्धास्तपणे निघालो. मधल्या कुठल्यातरी दिवशी पावसात वीज गेली आणि आरसीसीबी (वीजगळती झाली की पडणारा सुरक्षेचा स्विच) पडला. वीज परत आली, तरी तो वर करायला घरात कोणी नव्हते. परतल्यावर झाकण उचलले तेव्हा डबी डोके टेकायच्या उशीला चिकटून कोपऱ्यात निपचित पडली होती. तिच्याखालच्या अ‍ॅक्रिलिकवर तळहाताएवढा पांढुरका डाग पडला होता आणि काळी उशी त्या बाजूने राखाडी झाली होती. टबाच्या दुसऱ्या टोकाला मात्र पाण्याच्या रेषेवरून बोट फिरवले, तर बुळबुळीत लागले. एकाच टबात एका कोपऱ्यात क्लोरिनचा अतिरेक आणि दुसऱ्या कोपऱ्यात दुष्काळ, असा प्रकार होता.

यंदा हे टाळायचे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पूलवाला काका

मी ठाण्यातल्या सोसायट्यांचे तरणतलाव सांभाळतो. आपल्या टबात जे झाले त्यात वीज जाणे हे निमित्त होते, मूळ चूक ट्रायक्लोरची. ही गोळी चांगलीच आम्लधर्मी असते. तिच्या द्रावाचा पीएच (आम्लपणा मोजणारा आकडा, ७ च्या खाली आम्ल) ३ च्या आसपास असतो. दीड-दोन लाख लिटरच्या तलावात पंप चालू असताना तो आम्लपणा पसरून जातो, म्हणून आम्ही ती सर्रास वापरतो. बाराशे लिटरमध्ये आणि तेही थांबलेल्या पाण्यात गोळीच्या खाली जवळजवळ आम्लच साचते. वरून झाकण घट्ट असल्यामुळे वाफही झाकणाच्या आतल्या बाजूला बसते. एकदा ते झाकण उलटे करून पाहा, आतले प्लास्टिक कडक झालेले आढळेल.

घोडबंदरकर

काका, आत्ताच पाहून आलो. कडक झालेच आहे आणि घडीच्या जागी तडकले आहे.

नवखा वाशी

मी अजून टब घेतलेला नाही, घेण्याच्या विचारात आहे, म्हणून कदाचित बाळबोध प्रश्न विचारतो. बारा दिवसच जायचे असेल तर सगळे बंद करून, पाणी सोडून देऊन जाणे सर्वात सोपे नाही का?

थेंबथेंब

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

पाणी सोडले म्हणजे टब रिकामा होतो असे दिसते, पण टबाच्या पोटात जेटकडे जाणारे पाईप असतात आणि त्यांच्या वळणांत पाणी उरतेच. ते बाहेर काढायला ब्लोअर किंवा ओला-सुका व्हॅक्युम क्लिनर लावावा लागतो. तो न लावता गेलात, तर आतल्या ओलसर, अंधाऱ्या पाईपांत जंतूंचा बुळबुळीत थर निवांत वाढतो, आणि परत आल्यावर भरलेले नवे पाणी पहिल्या दिवसापासून त्या थरातून फिरते. शिवाय आपला भाद्रपद म्हणजे पाऊस. उघड्या गच्चीवरच्या टबाच्या बैठकीत किंवा झाकणाच्या खोलगट भागात वाटीभर पाणी साचले तरी एडिस डासाला तेवढे पुरते. आपल्याकडच्या उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. बारा दिवसांनी परताल तेव्हा पहिली पिढी उडून शेजाऱ्यांकडे गेलेली असेल. महानगरपालिकेचे कर्मचारी कुंडीखालच्या ताटल्या उगाच उलट्या करून पाहत नाहीत. म्हणून तीन आठवड्यांहून अधिक काळ जाणार असाल, तर रिकामा करणे योग्य; पण मग पाईप फुंकून, बैठका फडक्याने पुसून, पूर्ण कोरडा करूनच. बारा दिवसांसाठी एवढा खटाटोप मी करणार नाही.

आता तापमानाविषयी. युरोप-अमेरिकेतले लोक ‘तापमान खाली आणा’ म्हणतात तेव्हा त्यांचे पाणी खरोखरच थंड होते. टबाचे यंत्र पाणी तापवू शकते, थंड करू शकत नाही. ठाण्यात सप्टेंबरमध्ये आपण आकडा २६ वर नेला, तरी पाणी बाहेरच्या हवेपेक्षा थंड कसे होईल? उलट उष्णतारोधक झाकणाखाली पंपाच्या उष्णतेने ते ३२-३४ अंशांपर्यंत आपोआप चढते. लिजिओनेला हा न्यूमोनियासारखा आजार करणारा जंतू साधारण २५ ते ४५ अंशांत वाढतो. म्हणजे आपण ज्याला ‘टब बंद ठेवला’ म्हणतो, ती त्याच्या दृष्टीने उत्तम सोय आहे. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका मेळाव्यात लोक दगावले, तेव्हा या जंतूचा शोध लागला, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. हॉट टबवाल्यांनी लक्षात ठेवण्याजोगी घटना मात्र १९९९ सालची आहे. नेदरलँड्समधल्या बोव्हनकार्स्पेल येथे फुलांच्या प्रदर्शनात नुसता मांडून, चालू ठेवलेला टब होता. त्याच्या तुषारांतून हा जंतू पसरला, सुमारे २०० जण आजारी पडले आणि ३० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. टबात अंघोळ कोणीच करत नव्हते. ‘आम्ही वापरतच नाही, मग पाणी खराब कसे होईल’ या समजुतीला याहून चोख उत्तर माझ्याकडे नाही.

म्हणून आपल्या हवेत दोनच मार्ग उरतात. पाणी चालते आणि क्लोरिनयुक्त ठेवायचे, किंवा टब खरोखर कोरडा करायचा. तापमान कमी करून सोडून जाणे हा मधला मार्ग आपल्याकडे नाही.

खारघर टँकरवाले

पाण्याचाही विचार व्हावा. ठाण्यात बराचसा पुरवठा भातसा-उल्हासचा आणि नवी मुंबई महानगरपालिकेत मोरबे धरणाचा, म्हणजे नदी-तलावाचे मऊ पाणी. आमच्याकडे सिडकोचे पाणी कमी पडले की टँकर येतो, आणि तो बोअरचा असेल तर ते इतके जड असते की नळाच्या तोंडावर आठवड्यात पांढरी खरड धरते. माझ्या हीटरच्या नळीवर असाच थर बसला होता. त्यानंतर मी टब भरताना टँकरचे पाणी टाळतो. सोसायटीच्या टाकीत मुख्य लाइनचे पाणी येते त्या पहाटे उठून भरतो. पत्नी याला ‘टबाची काकडआरती’ म्हणते.

थेंबथेंब

अगदी योग्य मुद्दा. मऊ पाण्याचा त्रास वेगळा असतो. त्यात अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरणारी पाण्याची ताकद) कमी असते, म्हणून पीएच कशानेही हलतो. अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) असावी. घोडबंदरकर, आपली मोजा. ४० आली, तर १२०० लिटरमध्ये १०० ग्रॅम खाण्याचा सोडा घातल्याने ती ९० च्या आसपास जाईल. बेकिंग पावडर नव्हे, सोडाच. निघण्यापूर्वी जेटची हवेची बटणे पूर्ण बंद करावीत, कारण पाण्यातून बुडबुडे जात राहिले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच वर सरकतो. तो ७.५ असताना क्लोरिनचा सुमारे निम्मा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो, ८ झाला की जेमतेम पाव भाग. तपासणीत क्लोरिन तेवढेच दिसते, काम मात्र निम्म्यावर येते.

आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे आपल्या टबात दिवसाला किती क्लोरिन नाहीसे होते, हे निघण्यापूर्वी मोजा. संध्याकाळी ६ पीपीएमपर्यंत न्या, कोणीही उतरू नका, झाकण लावून ठेवा आणि चोवीस तासांनी पुन्हा मोजा. पाव भागापेक्षा जास्त घट झाली, तर पाण्यात, फिल्टरमध्ये किंवा पाईपांत काहीतरी क्लोरिन खात आहे. अशा टबाला कितीही क्लोरिन देऊन गेलात तरी बारा दिवस पुरणार नाही. टबाला ओझोनेटर (पाण्यात ओझोन सोडणारे यंत्र) असेल, तर रिकाम्या टबात तोही क्लोरिन खातो, हे ध्यानात ठेवा.

घोडबंदरकर

काल संध्याकाळी ६, आज संध्याकाळी ३. अर्धे गेले! फिल्टरची सुरळी काढून उन्हात धरली, तेव्हा घड्यांच्या तळाशी करड्या मेणासारखा थर दिसला. तेल, साबण आणि आमच्या चिरंजीवांचे सनस्क्रीन, दुसरे काय असणार? पाणी दोन महिन्यांचे आहे, ते बदलून टाकतो. पाईप साफ करण्याचे द्रावण आदल्या रात्री घालून जेट चालवावे, हे बरोबर आहे ना?

पूलवाला काका

बरोबर. फेस आणि तपकिरी कपचे वर येतील, घाबरू नका. पाणी सोडण्याआधी क्लोरिन उतरू द्या आणि ते थोडे थोडे सोडा. गच्चीच्या जाळीतून एकदम हजार-बाराशे लिटर सोडले, तर खालच्या मजल्यावरच्या न्हाणीतून उसळी येते. एका सोसायटीत हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्या दुपारी माझ्या वाट्याला आलेली बोलणी अजून आठवतात.

बेलापूरकरीण

आमची सीबीडीत रो-हाउस आहे आणि मी ब्रोमिन वापरते. माझ्या मते बारा दिवसांसाठी ब्रोमिनच बरे. त्याच्या गोळ्या सावकाश विरघळतात, त्या ट्रायक्लोरइतक्या आम्लधर्मी नसतात आणि पीएच ८ कडे गेला तरी ब्रोमिनचा जोर फारसा ओसरत नाही. फक्त डबीची झडप किती उघडायची, हे जाण्याआधी दोन आठवडे बघून ठरवावे लागते, कारण ‘थोडी जास्तच उघडू’ असे म्हटले की परतल्यावर पाणी पिवळसर झालेले असते.

आता माझीही फजिती सांगते, कारण ती कोणाला तरी उपयोगी पडेल. तेव्हा मी क्लोरिनवर होते. आम्ही केरळला गेलो असताना शेजारच्या मुलाला डीपीडी गोळीची (क्लोरिन असेल तर पाणी गुलाबी करणारी) तपासणी शिकवून गेले. गुलाबी रंग आला तर ठीक, नाही आला तर एक चमचा पावडर टाकायची, एवढे सोपे. मुलगा फार कामसू. रोज नळीत पाणी घ्यायचा, गोळी चुरायचा, रंग काही यायचा नाही, म्हणून रोज एक चमचा टाकायचा. चौथ्या दिवशी त्याने मला फोटो पाठवला. नळी स्वच्छ, पाण्यासारखी पांढरी. वर संदेश होता, ‘काकू, टब सगळे क्लोरिन पितोय.’ प्रत्यक्षात क्लोरिन इतके झाले होते की ते डीपीडीचा गुलाबी रंगच जाळून टाकत होते. गोळी टाकताच क्षणभर गुलाबी झलक येऊन विरते, ही त्याची खूण. ती त्याला मी सांगितलीच नव्हती. दोष माझा, आणि पोहण्याच्या कपड्यांचा रंग गेला तोही माझ्याच.

थेंबथेंब

बेलापूरकरीण, हा अनुभव लाखमोलाचा आहे. साधारण १० पीपीएमच्या पुढे असे होऊ शकते. शंका आली तर टबाचे एक माप पाणी, चार मापे डिस्टिल्ड वॉटर (पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळते ते चालते) असे मिसळून तपासावे आणि आकड्याला पाचाने गुणावे. नळाचे पाणी मिसळू नये, त्यात स्वतःचे क्लोरिन असते. याहून बरी म्हणजे थेंब मोजून रंग घालवायची किट. पिवळा रंग दाखवणारी स्वस्त किट टाळावी, ती मुक्त (कामाच्या) आणि बद्ध (आधीच खर्ची पडलेल्या) क्लोरिनमध्ये भेद करत नाही. तपासणीच्या पट्ट्यांची बाटली पावसाळ्यात दोनदा उघडी राहिली की पट्ट्या संपल्याच समजा.

ब्रोमिनविषयी मतभेद नाही, पण निघायला दहा दिवस असताना क्लोरिनवरून ब्रोमिनवर जाऊ नये. ज्याची सवय आहे तेच नीट करावे.

घोडबंदरकर

नवे पाणी भरले. अल्कलिनिटी नेमकी ४० निघाली, आपल्या सांगण्यानुसार सोडा घातला, आता ९० आहे. पीएच ७.४. फिल्टर नवा. थेंबांची किट मागवली. क्लोरिन परवा ६, काल ५, आज ४.

थेंबथेंब

छान. म्हणजे दिवसाला सुमारे पाचवा भाग जातो. आता गणित पाहा. १००० लिटरमध्ये १ पीपीएम म्हणजे १ ग्रॅम क्लोरिन. निघताना १० पीपीएम केले, तर तीन दिवसांनी ५ उरेल, सहाव्या दिवशी अडीच, नवव्या दिवशी सव्वा-दीड आणि बाराव्या दिवशी पाऊणही नाही. त्यामुळे एकदाच भरपूर घालून जाण्याने भागणार नाही आणि १० च्या जागी २० केले तरी फक्त तीनच दिवस वाढतील, कारण घट आकड्याच्या प्रमाणात होते. दर तिसऱ्या दिवशी कोणीतरी ५ पीपीएमची भर घालायला हवी. १२०० लिटरला ५ पीपीएम म्हणजे ६ ग्रॅम क्लोरिन. ५६ टक्के क्लोरिन देणाऱ्या डायक्लोर पावडरीचे ते ११ ग्रॅम होतात. तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या दिवशी ११ ग्रॅम, एवढेच काम आहे.

डायक्लोरमधून दर १० पीपीएम क्लोरिनमागे सुमारे ९ पीपीएम सायन्युरिक आम्ल पाण्यात राहते, आणि ते साचले की क्लोरिन मंदावते. आपले पाणी नवे असल्यामुळे या खेपेस चालेल. अमेरिकेची आरोग्यसंस्था सीडीसी मात्र हॉट टबमध्ये सायन्युरिक आम्लयुक्त क्लोरिन वापरूच नये असे सांगते, त्यामुळे पुढे द्रव हायपोक्लोराइटचा (पातळ क्लोरिनचा) विचार करावा. तो ताजाच घ्यावा, उन्हात ठेवलेल्या कॅनमधला जोर उडून गेलेला असतो.

घोडबंदरकर

शेजारच्या वहिनी तयार आहेत. तसे पाहता आमच्याकडे येणाऱ्या मावशींकडे किल्ली असते आणि त्या रोज झाडांना पाणी घालायला येणारच आहेत, तर त्यांनाच सांगावे का?

पूलवाला काका

मावशींवर हे काम टाकू नये. लादी पुसायच्या द्रवात काय काय मिसळले जाते, ते आपण सगळे जाणतो. क्लोरिनच्या पावडरीत ओला चमचा घातला किंवा ती आम्लाच्या डब्याशेजारी ठेवली, तर त्रास त्यांच्या डोळ्यांना आणि छातीला होईल, पगार मात्र झाडांच्या पाण्याचा. वहिनींनाही उघडा डबा देऊ नका. औषधाच्या कोरड्या, झाकणाच्या लहान बाटल्यांत ११-११ ग्रॅम मोजून भरा, त्यावर ३, ६, ९ असे मोठ्या अक्षरांत लिहा आणि उंचावर ठेवा. हातमोजे घालून, वाऱ्याकडे पाठ करून, पंप चालू असताना पावडर पाण्यात भुरभुरावी. पावडरीवर पाणी ओतू नये. झाकण पंधरा-वीस मिनिटे उघडे ठेवावे. आणि रोज फक्त पॅनेलचा दिवा पाहावा. तो बंद दिसला तर आपल्याला फोन करावा. आरसीसीबी एकदा वर करून पुन्हा पडला, तर मात्र त्याला हात लावू नये, इलेक्ट्रिशियन बोलवावा.

नवखा वाशी

एवढे सगळे वाचून मी बादलीत गरम पाणी घेऊन पाय सोडून बसायचे ठरवले आहे.

बेलापूरकरीण

त्यात तीन दिवस पाणी तसेच ठेवलेत तर आम्ही तिथेही क्लोरिन सुचवू!

घोडबंदरकर

उद्या पहाटे निघतो. शेवटचे दोन दिवस कोणी उतरले नाही. फिल्टर पुन्हा धुतला, क्लोरिन १०, पीएच ७.४, हवेची बटणे बंद, गाळण्याची फेरी दिवसातून दोनदा चार-चार तास. झाकणाला उतार मिळावा म्हणून मधोमध जुना टेनिस बॉल ठेवून वर ताडपत्री बांधली आहे. सर्वांना गणेशोत्सवाच्या शुभेच्छा.

घोडबंदरकर

काल रात्री परतलो. रस्त्याविषयी काहीच लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

झाकण उघडताच आधी वास घेतला. क्लोरिनचा हलका, स्वच्छ वास होता, कुबट नव्हता. तळाच्या नळीचा स्क्रूसुद्धा स्पष्ट दिसत होता. पाण्याच्या रेषेवरून बोट फिरवले, ते करकरीत लागले. पीएच ७.६. मग किट काढून थेंब मोजले, क्लोरिन ४ आले. आपल्या हिशेबाने सगळ्या बाटल्या पडल्या असत्या तर ५ यायला हवे होते. म्हणून कपाटावर पाहिले, तर ३ आणि ९ क्रमांकाच्या बाटल्या रिकाम्या होत्या आणि ६ क्रमांकाची भरलेली. सकाळी बाटली घेऊन वहिनींकडे गेलो. मी काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, “अहो, त्या दिवशी गौरींचे विसर्जन नव्हते का!” आणि माझ्या हातात करंज्यांचा डबा ठेवला.

थेंबथेंब

सहाव्या दिवशीची भर चुकली तर नवव्या दिवशी अडीच उरते, त्यात ५ घातले की साडेसात, आणि बाराव्या दिवशी ४. हिशेब जुळला. मधले काही तास क्लोरिन ३ च्या खाली होते, म्हणून आज रात्री पुन्हा १० करून, झाकण थोडा वेळ उघडे ठेवून जेट चालवा, उद्या फिल्टर धुवा, आणि आकडा ३ ते ५ मध्ये आल्यावरच उतरा. सहा क्रमांकाची बाटली त्यासाठीच वापरा, वेगळी मोजायची गरज नाही. ५ पीपीएम तिच्यातून येईल, वरचे १ पीपीएम म्हणजे आणखी दोन ग्रॅम.

घोडबंदरकर

घातली. करंज्या संपल्या आहेत.